पत्त्यांची रोजगार हमी

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात ‘वन विथ नथिंग’ नावाचा एक पत्ता आहे. २००५ साली ‘सेव्हियर्स ऑफ कामिगावा’ या संचातून तो बाहेर पडला. खेळायला एक काळा माना (माना हे या खेळातलं चलन) लागतो आणि त्याचं काम एका ओळीत छापलेलं आहे: हातातले सगळे पत्ते टाकून द्या. समोरच्याच्या हातातले नव्हेत, स्वतःच्या. बदल्यात काही मिळत नाही. वर हा पत्ता रेअर. त्या काळी पंधरा पत्त्यांचं पाकीट फोडलं की साधारण एकच रेअर निघायचा, आणि त्या जागी हा निघाला की फोडणारा माणूस पाकीट उलटं करून झटकून पाहायचा.

हा पत्ता हातात आला की खेळणाऱ्यांचे दोन तट पडतात. बहुतेक जण तो बुटांच्या खोक्यात टाकतात आणि विसरतात. काही थोडे मात्र तो परत परत वाचतात, उलटा करतात, पुन्हा सुलटा करतात आणि म्हणतात, “याचं काहीतरी करता येईल.” मी या दुसऱ्या तटातली. घरात याला काय म्हणतात ते सांगत नाही.

खेळ थोडा सांगायला हवा, पण थोडाच, कारण नियमांची संपूर्ण पोथी दोनशेहून जास्त पानांची आहे आणि ती वाचलेला माणूस मग दुसरं काही बोलत नाही. दोन खेळाडू, प्रत्येकी वीस प्राण. समोरच्याचे वीस शून्यावर आणायचे. पत्त्यांत पाच प्रकारच्या जमिनी: मैदान, बेट, दलदल, डोंगर, रान. जमीन आडवी केली की तिच्या रंगाचा माना मिळतो आणि तो खर्चून प्राणी बोलवायचे, मंत्र टाकायचे. सुरुवातीला हातात सात पत्ते, पुढे पाळीला एक पत्ता उचलायचा आणि एकच जमीन मांडायची. एवढं पुरे.

खरी गंमत पुढे आहे. आपले रमी, मेंढीकोट, बदाम सात हे सगळे एकाच कॅटवर चालतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचेही १२० पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, सगळ्यांत मिळून एकच संच. पिसले, वाटले, जे आलं ते नशीब. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो. किमान ६० पत्ते, आणि साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. आजवर निघालेल्या हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून कुठलेही साठ निवडा. पिसणं पुढे आहेच, पण नशिबाचा कच्चा मसुदा आपणच लिहायचा.

हे ज्याला सुचलं तो रिचर्ड गारफिल्ड गणिती होता, तोही निवडी आणि मांडण्या मोजणाऱ्या शाखेतला. म्हणजे साठ पत्त्यांच्या किती जुळण्या होतील याचा अंदाज त्याला आपल्यापेक्षा बरा असणार. तो एका वेगळ्याच खेळाचा प्रस्ताव घेऊन ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’च्या पीटर ॲडकिसनकडे गेला होता. ॲडकिसन म्हणाला, हे आम्हाला परवडणारं नाही. संमेलनांमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असं काही लहान, खिशात मावणारं दे. त्यातून १९९३ साली हा खेळ निघाला. पहिल्या आवृत्तीत २९५ पत्ते होते. गारफिल्डचा अंदाज असा की लोक थोडीफार पाकिटं घेतील, त्यामुळे एखादा जबरदस्त पत्ता मित्रमंडळीत एखाद्याकडेच असेल आणि समतोल आपोआप राहील. निवडी मोजण्यात तयार असलेल्या या माणसाने हौसेची मोजणी मात्र जरा कमीच धरली. लोकांनी खोकीच्या खोकी उचलली, एकाच पत्त्याच्या वीस-वीस प्रती कॅटमध्ये कोंबल्या, आणि मग ‘एका नावाचे चारच’ हा नियम आणावा लागला.

त्या कंपनीत मार्क रोझवॉटर नावाचे गृहस्थ आहेत, २००३पासून या खेळाचे मुख्य रचनाकार. त्याआधी ते ‘रोझॅन’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या लेखकांत होते, आणि त्याचा वास त्यांच्या लिखाणाला येतो. २००२ साली त्यांनी खेळाडूंच्या तीन जाती सांगितल्या. टिमीला प्रचंड राक्षस आवडतात, आणि ते धाडकन आपटले की तो खूश. स्पाइकला जिंकायचं असतं, कशानेही. आणि जॉनीला आपण कोण आहोत हे कॅटमधून दाखवायचं असतं. तो हरेल, पण स्वतःच्या पद्धतीने हरेल. माझा भाचा स्पाइक आहे. त्याच्याकडे गेल्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेत जिंकलेल्या कॅटची यादी असते, आणि त्यातला एकही पत्ता तो बदलत नाही. का बदलावा? तो कॅट जिंकतो. मीही कधीकधी तो मागून घेऊन खेळते. जिंकते. आणि भाड्याच्या साडीत लग्नाला जाऊन आल्यासारखं वाटतं.

रोझवॉटर यांनीच वाईट पत्ते का छापतात यावरही लिहिलं आहे. सगळेच पत्ते उत्तम केले तरी त्यांतले काही इतरांपेक्षा कमी ठरणारच. शिवाय प्रत्येक पत्ता प्रत्येकासाठी नसतो. आणि कुठला पत्ता चांगला हे ओळखण्यात खेळाची अर्धी मजा आहे. मला हे सगळं पटतं. पण खोक्यात पडलेल्या त्या पत्त्याला हे कोण समजावणार? त्याच्या बाजूने माझं धोरण महाराष्ट्राने दुष्काळात केलं तेच आहे: मागेल त्याला काम. काम कमी महत्त्वाचं असेल, मजुरी तुटपुंजी असेल, रस्ता कुठून कुठे जातो ते शेवटपर्यंत कळणार नाही, पण हजेरीपटावर नाव लागलं पाहिजे.

आणि ‘वन विथ नथिंग’ला पूर्वी खरोखर काम मिळालेलं आहे, तेही मोठ्या स्पर्धांमध्ये. २००६च्या सुमारास एका कॅटची चलती होती. त्यात ‘हाउलिंग माइन’ हा पत्ता दोघांनाही दर पाळीला एक जादा पत्ता उचलायला लावायचा. सुरुवातीला समोरचा खूश. पण शेजारी एक शिसवी घुबड बसलेलं असायचं, ‘एबनी आउल नेत्सुके’, आणि समोरच्याच्या पाळीच्या सुरुवातीला त्याच्या हातात सात किंवा जास्त पत्ते दिसले की ते चार प्राण टिपायचं. हात भरत राहायचा, रिकामा करायला माना पुरायचा नाही, माणूस श्रीमंतीने मरायचा. तेव्हा काही खेळाडूंनी कॅटबाहेरच्या राखीव पंधरा पत्त्यांत कोणता पत्ता ठेवला? एक काळा माना, सगळा हात खाली, घुबड उपाशी. हे घुबड आणि हा पत्ता एकाच संचात छापलेले होते. घुबडाचा जमाना सरला आणि पत्ता पुन्हा खोक्यात गेला. कंत्राटी काम होतं, संपलं.

मला त्याला कायमची नोकरी द्यायची होती. त्यासाठी मालक सापडला तो २००७ सालचा, ‘बॅरन ग्लोरी’. सहा मानांचा पांढरा पत्ता. त्यावर लिहिलं आहे: तुमच्या पाळीच्या सुरुवातीला तुमच्याकडे या पत्त्याखेरीज टेबलावर काहीही नसेल आणि हातातही एकही पत्ता नसेल, तर तुम्ही जिंकलात. सगळे जण जमवाजमव करत असलेल्या खेळात असा पत्ता छापणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता टेबल रिकामं कसं करायचं? त्यासाठी १९९५ सालचा ‘जोकुलहॉप्स’. आइसलंडमध्ये हिमनदीखालून अचानक फुटणाऱ्या पुराचं नाव आहे. प्रत्येकजण त्याचा वेगळा उच्चार करतो आणि बाकीच्यांचा चूक मानतो. हा पत्ता सगळ्या जमिनी, सगळे प्राणी, सगळी यंत्रं वाहून नेतो, दोघांचीही. बॅरन ग्लोरी यातलं काहीच नाही, ती मायावी प्रभावांच्या जातीतली, म्हणून ती पुरातही जागच्या जागी उभी राहते.

जुळणी अशी. सहा जमिनी झाल्या की बॅरन ग्लोरी मांडायची. पुढच्या पाळीला सातवी जमीन. मग सातही जमिनी एकदम आडव्या करायच्या: सहा माना पुराला, आणि एक काळा माना शिल्लक. पूर येतो, सातही जमिनी जातात, पण तो एक माना पाळीचा तो टप्पा संपेपर्यंत वापरता येतो. जमीन गेली तरी शेवटचं पीक पदरात आहे. त्या एका मानावर ‘वन विथ नथिंग’. उरलेसुरले पत्ते खाली. टेबलावर ग्लोरी एकटी, हात मोकळे. माझी पाळी पुन्हा येते तेव्हा पत्ता उचलायच्या आधी पाळीची सुरुवात मोजली जाते, हे नियमांच्या पोथीतलं माझं सर्वांत लाडकं पान. त्या क्षणी माझ्याकडे काहीही नसतं, आणि मी जिंकलेली असते.

कागदावर.

कारण पांढरे दोन, तांबडे दोन आणि काळा एक माना एका कॅटमधून काढायचा, म्हणजे तीन रंगांच्या जमिनी, आणि नेमक्या वेळी नेमकी हवी तीच हातात येत नाही. तिन्ही पत्ते चार-चार घातले तरी पंधरा पत्ते पाहून होईपर्यंत तिन्ही भेटण्याची शक्यता एक तृतीयांशाहून थोडी कमी निघते. गारफिल्डच्याच शाखेचं गणित आहे, त्यात घासाघीस होत नाही. बाकीच्या जागांचा प्रश्न वेगळाच. पंचवीस जमिनी आणि हे बारा, उरले तेवीस. तेवढ्यांत तोवर जिवंत राहायची सोय करायची. मला ‘घोस्टली प्रिझन’ फार हवा होता. हल्ला करायचा तर समोरच्याला प्रत्येक प्राण्यामागे दोन माना भरावे लागतात, म्हणजे निवांतपणा. पण तोही पुरात न वाहणारा! सगळं गेलं तरी तो ग्लोरीशेजारी बसून राहणार आणि ग्लोरी म्हणणार, मी एकटी नाही, जिंकायचं राहू द्या. मनाविरुद्ध काढला. कॅट बांधणं म्हणजे बहुतेक वेळ काढणंच असतं. जमिनीवर पत्त्यांचे ढीग मांडून बसलं की साठाचे पंच्याऐंशी झालेले असतात, आणि प्रत्येक पत्ता आपल्याकडे असं बघत असतो की कोणाला बाहेर काढावं कळत नाही. घरातलं कोणीतरी त्या ढिगांवरून पाय उचलून जातं आणि “जेवायला येतेस का?” विचारतं, त्याचं उत्तर आपण काय दिलं ते आठवत नाही.

भाच्याने ही रचना ऐकली आणि नेहमीच्या शांतपणे म्हणाला, “मावशी, त्यापेक्षा ‘अपॉकॅलिप्स’ घाल ना. पाच माना. टेबलावरचं सगळं कायमचं बाहेर, आणि तुझा हातही तोच टाकतो. ग्लोरी आधी ‘ऑब्लिव्हिअन रिंग’खाली लपव. रिंग गेली की ग्लोरी परत येते. तो बेकार पत्ता लागतच नाही.”

बरोबर बोलत होता. सगळे नियम बरोबर. शेवटच्या पाळीचा मानाही वाचत होता.

“अरे, पण मग ‘वन विथ नथिंग’चं काय?”

“काय म्हणजे? काढून टाक.”

इथे आमच्या दोन जातींमधली भिंत आहे आणि तिला दार नाही. त्याला वाटतं मी बॅरन ग्लोरीचा कॅट बांधते आहे आणि त्यात एक रिकामटेकडा पत्ता घुसला आहे. खरं तर कॅट त्या रिकामटेकड्यासाठीच बांधलेला आहे. ग्लोरी त्याची वरिष्ठ, पूर त्याचा सहकारी. ज्याच्यासाठी कचेरी उघडली त्यालाच काटकसर म्हणून कमी करा, असं म्हणणारे लोक असतात, आणि ते बहुधा हिशोबात बरोबर असतात.

हिशोबात फारच बरोबर असलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. २०१६ साली ‘कलादेश’ नावाचं भारतीय वळणाचं जग या खेळात आलं. अलीकडे त्याच जगाचं नाव ‘अविष्कार’ केलं आहे. तिथली एक कारागीर, साहिली राय, आपल्या प्राण्याची तात्पुरती हुबेहूब नक्कल करते. पुढच्या वर्षी ‘फेलिडार गार्डियन’ नावाचं मोठं मांजर आलं. ते टेबलावर येताच आपला दुसरा एक पत्ता क्षणभर नाहीसा करून परत आणतं. आता बघा: साहिलीने मांजराची नक्कल केली, नकली मांजराने साहिलीला नाहीसं करून परत आणलं, ताजी साहिली पुन्हा नक्कल करायला मोकळी. मांजर, साहिली, मांजर, साहिली. थांबायला कारणच नाही. एका पाळीत लाखभर मांजरं, सगळी त्याच क्षणी हल्ला करायला तयार. पत्ते बनवणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटलं होतं. ज्याला हे प्रथम दिसलं असेल त्याची संध्याकाळ कशी गेली असेल, याचा मला हेवा वाटतो. पण त्यानंतर जो तो हीच मांजरं घेऊन येऊ लागला, आणि एप्रिल २०१७मध्ये मुख्य स्पर्धाप्रकारातून मांजरावर बंदी आली. बंदी आलेल्या पत्त्याबद्दल मला कधी वाईट वाटत नाही. त्याला कामाची कमतरता कधी नव्हतीच.

गरजूंसाठी खरी सोय झाली ती ‘कमांडर’ने. हा प्रकार कंपनीने शोधलेला नाही. अलास्कातल्या मित्रमंडळींनी १९९४च्या ‘लेजेंड्स’ संचातले पाच म्हातारे ड्रॅगन घेऊन तो सुरू केला, शेल्डन मेनरी या स्पर्धा-पंचाने सगळीकडे नेला, आणि २०११मध्ये कंपनीनेही तयार कॅट काढले. शंभर पत्ते, साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक नावाचा एकच, चाळीस प्राण, सहसा चौघं. एकेकच घ्यायचा म्हटल्यावर उत्तमाच्या चार प्रती घालून भागत नाही. दुय्यम, तिय्यम, अगदी खोक्यातल्यांनाही बोलावणं जातं. चौघांच्या टेबलावर कोणी एकदम मारायला धावत नाही, त्यामुळे सहा-सात पाळ्या लागणाऱ्या विचित्र जुळण्यांनाही श्वास घ्यायला मिळतो. मुंबई-पुण्यातही जिथे हा खेळ बसतो तिथे आता बरेचदा शंभराचेच कॅट उघडतात, आणि तीन तास चाललेल्या डावात कोण जिंकलं यापेक्षा कोणाच्या कोणत्या पत्त्याने घोळ घातला हेच घरी जाताना बोललं जातं.

माझा साठाचा कॅट मात्र मी ठेवला. तो चालल्याचंही पाहिलं आहे, नाही असं नाही. पण सांगण्यासारखा डाव तो न चाललेला. भाच्याचा हिरवा कॅट, समोर पाच-सहा प्राणी, माझे प्राण उरले चार. बॅरन ग्लोरी आदल्या पाळीलाच मांडलेली. सातवी जमीन उचलली, आणि ती काळा माना देणारी दलदल होती. सात जमिनी आडव्या केल्या. पूर. त्याने आपले प्राणी एकेक उचलून ढिगात ठेवले, जमिनीही ठेवल्या, चेहरा न बदलता. मग मी ‘वन विथ नथिंग’ खाली ठेवला. तेव्हा मात्र त्याने तो पत्ता वाकून वाचला. माझ्या हातात दोन पत्ते होते, दोन्ही चांगले. ते टाकताना जो आनंद झाला तो ते खेळून झाला नसता. टेबलावर माझ्या बाजूला एकच पत्ता. आता त्याची एक पाळी, आणि मग मी.

त्याने पत्ता उचलला. एक रान मांडलं. आडवं केलं. ‘नेचर्स क्लेम’. एका हिरव्या मानात यंत्र किंवा मायावी प्रभाव नष्ट, आणि ज्याचा नष्ट झाला त्याला चार प्राण भरपाई.

ग्लोरी गेली. माझ्याकडे ना जमीन, ना हात, ना टेबल, आणि प्राण मात्र चाराचे आठ. शासकीय मदत पोचल्यावर असंच वाटत असावं. पुढच्या चार पाळ्यांत त्याने ते आठही संपवले, घाई न करता.

पत्ते गोळा करताना तो म्हणाला, “मावशी, खरं सांगू? आयडिया वाईट नाहीये. पण माझा हातही रिकामा व्हायला हवा. ‘माइंडस्लायसर’ घाल.”

चार मानांचा काळा राक्षस. मेला की सगळ्यांचेच हात रिकामे, माझा आणि त्याचाही. पूर आला की मरणारच. म्हणजे एका झटक्यात टेबलही जातं, दोन्ही हातही जातात, तो एक शिल्लक माना लागत नाही, सातवी जमीनही लागत नाही, आणि त्या रानावरच्या भरपाईची भीतीही जवळजवळ संपते. इतकं सुबक उत्तर की मी थोडा वेळ काही बोललेच नाही. फक्त या उत्तरात ‘वन विथ नथिंग’ परत घरी बसत होता.

“नको,” मी म्हटलं. “तो हुशार आहे, त्याला कुठेही काम मिळेल.”

मिळालंच. भाच्याने माइंडस्लायसर स्वतःच्याच एका कॅटमध्ये घातला. आता आमच्या डावात तो अधूनमधून मरतो आणि माझा हात रिकामा करायचं काम मला एकही माना न लावता करून देतो. ‘वन विथ नथिंग’ बहुतेक वेळा तेव्हा माझ्या हातातच असतो.